दिल्यास पत्र : म्युलर की म्हाप्रळकर

स्टुटगार्ट,
रविवार, दुपार

प्रिय दिल्या,

घाल शिव्या. तुझ्या एवढ्या लांबलचक मेलला उत्तर नाही, एकसष्टीला दोन ओळींचा मेसेज टाकून मोकळा झालो, आणि आता गरज पडली तेव्हा पत्र. प्रकृतीचं म्हणशील तर साखर काठावर, गुडघा कुरकुरतो, मीनल ठणठणीत. झालं.

आता मुद्द्याचं. हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही, कारण तुझ्या लग्नात कार्यालयात काय झालं ते इथे कुणालाच माहीत नाही.

केतकीचं लग्न सप्टेंबरात आहे, ते तुला कळलंच असेल. मुलगा योनास, गुणी आहे, तिखट खातो. आडनाव म्युलर. हस नको. हो, म्युलर! बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या तासाला ओठांचा चंबू 'उ'चा करून आतून 'ई' म्हणायला लावायचे, आणि तुझ्या तोंडून दर वेळी 'मुल्लर'च निघायचं, तोच हा म्युलर. तुला न जमलेलं आडनाव आता माझ्या घरात येतंय.

तर मागच्या आठवड्यात व्याही-विहीण कॉफीला आले होते. इथे लग्नाच्या नोंदणीवेळी दोघांचं मिळून एक आडनाव घेता येतं, नाहीतर ज्याचं त्याने ठेवायचं. केतकीने केक कापता कापता सांगितलं, "मी म्युलर होणार." मी म्हटलं, बरं. तोंडाने म्हटलं. तेवढ्यात योनास म्हणाला, "नाही, मी म्हाप्रळकर होणार." व्याह्यांच्या हातातला काटा बशीवर वाजला. केतकी लाल. मीनल स्वयंपाकघरात पळाली, ती खदखदा हसतेय हे मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

तू म्हणशील, मग चिंता कसली? जावई आपलं आडनाव लावतोय, पेढे वाट. तसं सोपं असतं तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं?

आधी योनासचं ऐक. त्याच्या कंपनीत योनास म्युलर आणखी आहेत. याची पगाराची स्लिप त्याला, त्याची दातांच्या डॉक्टरची वेळ याला. जर्मनीत म्युलर सुमारे सात लाख आहेत, म्हणजे दर एकशेवीस माणसांमागे एक. पहिला नंबर. स्वित्झर्लंडमध्येही पहिला. (ऑस्ट्रियात ग्रूबर पुढे आहे, म्हणून ऑस्ट्रियन लोक उगाच भाव खातात.) परवा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. नर्सने दारातून हाक मारली, "फ्राउ म्युलर!" दोन बायका एकदम उठल्या, एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि दोघींनी एकाच दमात स्वतःची जन्मतारीख सांगितली. सवयच ती.

आणि गंमत बघ, या आडनावाच्या मोठ्या माणसांनीही त्यातून पळ काढलेला आहे. आपला मोक्षमूलर भट्ट, म्हणजे संस्कृतचा पंडित मॅक्स म्युलरच घे. देसाऊ गावचा फ्रीडरिष म्युलर. पुढे त्याला वाटलं की नुसतं म्युलर फारच पसरलेलं आहे, म्हणून त्याने मॅक्स हे नाव आडनावातच जोडून टाकलं. तुझे काका सांगायचे ना, की 1898 साली टिळकांच्या सुटकेसाठी राणीकडे अर्ज गेला त्यावर याची सही होती, आणि तुरुंगात याने ऋग्वेद पाठवला होता? तो हा. द्राक्षांवर काम करणारा हेर्मान म्युलर होता, स्वित्झर्लंडातल्या थुरगाऊचा. तो म्युलर-थुरगाऊ झाला, आणि त्याने 1882 मध्ये काढलेल्या द्राक्षालाही लोक तेच नाव लावतात. थुरगाऊकरच की रे हा! एक चान्सेलर होऊन गेला, हेर्मान म्युलर नावाचाच, त्याला संसदेत म्युलर-फ्रांकन म्हणायचे, दुसऱ्या हेर्मान म्युलरशी घोळ नको म्हणून. आपल्या वर्गात लांब जोशी, घारा जोशी आणि उधार जोशी होते, तसं. फक्त फुटबॉलवाल्यांना काही लावावं लागलं नाही. 1974 च्या फायनलचा विजयी गोल मारणारा गेर्ड आणि आत्ताचा थोमास, दोघेही म्युलर आणि वर्ल्डकपात दोघांचा शर्ट तेरा नंबरचा. देवालाही कंटाळा आला असणार.

योनासने आणखी एक कागद दाखवला. इथे मनात आलं म्हणून आडनाव बदलता येत नाही, सबळ कारण लागतं. पण सरकारी नियमावलीतच लिहिलंय की म्युलर, मायर, श्मिट, शुल्त्स ही आडनावं इतकी झाली आहेत की माणूस ओळखायला उपयोगी पडत नाहीत, तेव्हा असलं आडनाव असणं हेच सबळ कारण धरावं. सरकारच म्हणतंय, सोडा!

आता केतकीचं ऐक. तिने जे सांगितलं ते मला अजून टोचतंय. "बाबा, तुम्हाला म्हाप्रळकर म्हणजे सावित्रीची खाडी आणि आजोबांचं घर. मला म्हाप्रळकर म्हणजे स्पेलिंग. लहानपणापासून स्पेलिंग सांगतेय. एम, एच, नाही, एच, हो, एमनंतर लगेच." भाड्याने घर बघत होती तेव्हा तिच्या नावाने केलेल्या अर्जांना उत्तरच यायचं नाही. त्याच घरासाठी योनासने म्युलर नावाने अर्ज केला की दुसऱ्या दिवशी बघायला बोलवायचे. एकच पगार, एकच कुत्रा, तेच दोघे. "मला गर्दीत मिसळायचंय," म्हणाली. "तुम्हाला वेगळं दिसण्याची हौस आहे, मला नाही."

यावर मी काय बोलणार? बोलायला तोंडच ठेवलेलं नाही मी, आणि याला तू जबाबदार आहेस. वहिनी पटवर्धनच राहणार म्हणाल्या तेव्हा काकांनी अबोला धरला, तू नवरदेव असून जिलबीच्या ताटाआड लपलास, आणि मी, परका माणूस, भर कार्यालयात उभा राहून म्हणालो, "काका, नाव तिचं आहे. ठेवायचं की टाकायचं ते तीच ठरवेल." 'की टाकायचं' हे तेव्हा नुसतं वाक्याला तोल यावा म्हणून म्हटलं होतं रे! तू आजही म्हणतोस की मी तुझ्या लग्नात भाव खाल्ला. खाल्ला. तुझ्या वाटणीचं धैर्य दाखवायला कुणीतरी हवंच होतं. पण आता ते वाक्य माझ्याच दारात येऊन उभं आहे.

रात्री झोप लागेना म्हणून या म्युलरच्या मुळाशी गेलो. तुला माहीत आहेच, म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला. (दळवी, तुझा काही संबंध नाही, तुमचं दळ वेगळं. घरातलं दळणही तू कधी आणलं नाहीस.) लॅटिनातला मोलिनारियुस, त्याचं जुन्या जर्मनमध्ये मुलिनारी, मग म्युलर. उत्तरेकडे बोली वेगळी, तिथे म्योलर. आउग्सबुर्गच्या बाजूला मिलर. शिकल्यासवरल्यांना गिरणीची लाज वाटली तेव्हा ते लॅटिन घालून मोलिटोर नाहीतर मिलियुस झाले. आणि अमेरिकेत उतरलेले बरेचसे मिलर होऊन इंग्रजांच्या मिलरांत मिसळले. आमच्या विहीणबाई होलस्टाइनच्या, माहेरच्या म्योलर. त्या म्हणतात, "मी लग्नात एक स्वर बदलला, एवढंच." गिरणीतून गिरणीत.

पण इतके गिरणीवाले आले कुठून? गावागावात ओढ्यावर जमीनदाराची पाणचक्की असे, आणि कुळांनी दळण तिथेच न्यायचं अशी सक्ती. जातं घरात ठेवून चोरून दळलं तर दंड. गिरणीवाला दळणातला ठरावीक हिस्सा काढून घ्यायचा, बऱ्याच ठिकाणी सोळावा, आणि तो सोळाव्यावरच थांबतो यावर कुणाचा विश्वास नसे. गिरणी गावाबाहेर, रात्री-अपरात्री चालू, मालक जमीनदाराचा माणूस. त्यामुळे त्याला गावात मान नव्हता. त्याच्या पोरांना कारागिरांच्या संघात घेत नसत. अखेर 1548 मध्ये बादशाही हुकूम काढावा लागला की विणकर, न्हावी, धनगर यांच्याबरोबर गिरणीवाल्यांच्या मुलांनाही नाकारू नका. पण गिरणीशिवाय चालत तर कुणाचंच नव्हतं. 'आधी येईल तो आधी दळेल' हा तेराव्या शतकातल्या जर्मन कायद्याच्या पोथीतला नियम अजून इथे म्हण म्हणून चालतो. प्रत्येक गावात असा एकच माणूस, म्हणून नाव सांगताना 'तो गिरणीवाला' म्हटलं की पुरे. पुढे आडनावं वंशाला चिकटली तेव्हा गावोगाव एकेक म्युलर घराणं तयार झालं, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेलं.

आणि मग मला सुचलं की आपल्याकडे असं आडनाव का नाही. सुतार आहे, लोहार आहे, सोनार, कुंभार, तेली सगळे आहेत. गिरणीवाला नाही. कारण दळण घरात होत होतं, पहाटे, जात्यावर. ते करणारी आई, आजी. दळण्यावरून ओव्या निघाल्या, आडनाव नाही निघालं. हे मी सकाळी केतकीला फोन करून सांगितलं. मला वाटलं ती भारावेल. ती म्हणाली, "मग बघा, मी म्युलर झाले तर पणजीचंच आडनाव लावतेय." असली पोरगी. हे वहिनींकडून आलंय, आमच्या घरातलं नाही. वहिनी आल्या की ती रात्रभर त्यांच्याशीच बोलत बसायची.

पण दिल्या, खरी गोष्ट पुढेच आहे. निघताना व्याही माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. सारलँडचे, वडील कोळशाच्या खाणीत, गिरणी कुणी पाहिलेली नाही. घुटमळले. म्हणाले, "हेर म्हाप्रळकर," (अजून म्हाप्रळ म्हणताना त्यांना ठसका लागतो) "लोक म्हणतात म्युलर पुष्कळ आहेत, एक गेला तर काय. पण माझ्या वडिलांच्या थडग्यावर जे लिहिलंय ते एकच आहे." योनास एकुलता एक. त्यांना राग नव्हता, ओशाळल्यासारखे झाले होते. सात लाखांमधला एक वाचवावा असं वाटणं त्यांना स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "आमचे तर मोजकेच आहेत." दोघेही गप्प. मग त्यांनी टायरला पायाने ठोकून पाहिलं आणि हवा कमी आहे म्हणाले.

म्हणजे बघ, मुलीला त्याचं आडनाव हवं, मुलाला तिचं, आणि दोघांचे बाप आपापलं राहावं म्हणून मनात कुढतायत. विहीणबाई मात्र खुशीत. 1991 पर्यंत इथे नवरा-बायकोचं एकमत झालं नाही तर कायदा आपोआप नवऱ्याचं आडनाव लावायचा, घटना न्यायालयाने तेव्हा ते मोडीत काढलं. विहीणबाईंचं लग्न त्याआधीचं. आता त्या म्हणतात, "भांडू द्या त्यांना, आम्हाला भांडायलाही मिळालं नव्हतं."

एक मधला रस्ता आहे. 1 मे 2025 पासून नवा कायदा आला, दोघांनाही जोडआडनाव घेता येतं, मुलांनाही. म्युलर-म्हाप्रळकर. पण तीन नावं जोडता येत नाहीत, म्हणजे पुढच्या पिढीत कुणीतरी एक गळणारच. योनास तयार आहे. केतकी म्हणते, स्पेलिंग सांगायचं संपलं नाहीच, वर म्युलरही जोडून सांगायचं. मी त्यात पडायचं की नाही? जोडनावाची बाजू घेतली तर मी माझं नाव वाचवतोय असं तिला वाटणार, आणि ते काही अगदी खोटं नाही. गप्प बसलो तर मीनल म्हणते, तू गप्प बसलास की घरभर ऐकू येतं. लग्नानंतरही आडनाव ठरवता येतं, तेव्हा केतकीने सध्या विषय बंद केलाय: "आधी लग्न, मग बघू."

तुझं काय? पेन्शनचं लागलं का मार्गी? मुग्धाचा निकाल कळव. गच्चीची गळती थांबली नसेल तर त्या गवंड्याला पुन्हा पैसे देऊ नकोस, मागेच सांगितलं होतं. वहिनींच्या खांद्याचं वाचलं, व्यायाम करायला लाव.

आणि वरच्या भानगडीवर वहिनींना विचारून लिही. तुझं मत नको, तू जिलबीआडच बरा.

तुझा,
अव्या

ता. क. लग्नाला दोघांनी यायचंच आहे. व्हिसाच्या निमंत्रणपत्रासाठी पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठव, दोघांचे. वहिनींचं आडनाव वेगळं, तेव्हा विवाहाचा दाखलाही जोड. तो हरवला असं सांगू नकोस, तुमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, काकांच्या फाइलमध्ये आहे.