माळशेजमार्गे ओतूर सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ठीक ६ वाजता आपल्या गाड्या कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि माळशेज घाट या मार्गाने जुन्नर तालुक्यातील ओतूरकडे निघतील. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळत असल्याने, धबधबा कितीही मोह घालणारा असला तरी कड्याखाली गाडी उभी करू नये आणि धुक्यात दिवे लावूनच गाडी चालवावी. घाट ओलांडल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी रस्त्यालगत दिसू लागते. थांबायचे असेल तर तिथेच थांबावे, कारण या वाटेवरचा तोच सर्वांत सुंदर टप्पा आहे.

ओतूरला मांडवी नदीकाठच्या कपर्दिकेश्वराचे दर्शन घेऊन आपण कांद्याची चाळ पाहणार आहोत. वारा खेळता राहावा म्हणून फटी ठेवलेल्या तिच्या भिंती आणि आतला कांदा निवडण्याचे काम मुलांना आवर्जून दाखवावे. शेतमालकाच्या परवानगीशिवाय कोणीही बांध ओलांडून पिकात शिरू नये, तसेच कचरा आपल्याच गाडीतून परत आणावा. येणाऱ्यांनी आपली नावे शुक्रवारपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत.