अण्णा, तुमच्या प्रश्नाचं पुरं उत्तर

जुळे सोलापूर

ती. आई आणि ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. पोरांच्या परीक्षा संपल्या, ह्यांची बदली यंदा तरी टळली. हे सगळं फोनवर सांगून झालंच आहे. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. अण्णा, तुम्ही डोळे दाखवायला आला होतात तेव्हा मला विचारलंत, "ह्या वयात आता पोहायला शिकून काय करायचंय, ताई?" तुम्ही रागानं विचारलं नव्हतं, खरंच कळून घ्यायचं होतं तुम्हाला. मी "व्यायाम होतो" एवढंच म्हणाले. ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं अर्धं फोनवर सांगायला गेले तर मधेच कोणीतरी येतं, आई स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी विचारते, आणि राहून जातं. म्हणून लिहिते आहे. अण्णा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आपल्या विहिरीत तुम्ही गावातल्या किती पोरांना पोहायला शिकवलंत! कमरेला सुका भोपळा बांधायचा, कठड्यावरून सोडायचं, आणि तुम्ही आधीच खाली पाण्यात. दादा तसाच शिकला. मुलींनी विहिरीत उतरायचं नाही ही तेव्हा गावाचीच रीत होती, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मी विहिरीकाठच्या थारोळ्यावर बसून सगळं बघत असायचे, आणि पोरगं पाण्यात पडल्यावर तुम्ही त्याला काय सांगता ते कान देऊन ऐकायचे. "हात मारू नको, आधी गप पडून राहा," असं तुम्ही म्हणायचात. ते गप पडून राहणं म्हणजे काय हे मला आत्ता चाळिशी उलटल्यावर कळलं.

इथल्या जलतरण तलावावर आमच्या बॅचला पहिला धडा पोहण्याचा नव्हताच, श्वास सोडण्याचा होता. तोंड पाण्यात घालायचं, नाकातोंडानं बुडबुडे सोडायचे, मान वळवून तोंडानं श्वास घ्यायचा, पुन्हा पाण्यात. माणूस घाबरला की श्वास कोंडून धरतो. आतली हवा बाहेर गेली नाही तर नवी घ्यायला जागाच राहत नाही, आणि दोन हात मारले की धाप लागते. मग पाठीवर तरंगणं. डोकं वर काढायला गेलं की कंबर खाली जाते. डोकं सैल सोडलं, दोन्ही कान पाण्यात बुडू दिले की कंबर आपोआप वर येते, कारण हवेनं भरलेली छाती माणसाला वर धरून ठेवते. एवढी साधी गोष्ट, पण कान बुडाल्याबरोबर मी धडपडून उठायचे. ज्या सकाळी तशीच पडून राहिले आणि वर नुसतं आभाळ दिसलं, त्या सकाळी मला तुमची फार आठवण आली, अण्णा. तुम्ही जवळ असता तर तुम्हाला दाखवलं असतं. आता मला पूर्ण लांबी पार करता येते. दम अजून लवकर लागतो, पण भीती गेली.

बायकांच्या बॅचला पूर्व भागातल्या दोन तेलुगू जावा येतात, एक निवृत्त शिक्षिका येतात, आणि साठी पार केलेल्या एक बाई आहेत, त्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनीच पाण्यात पाठवलं आहे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा भार निम्म्याहूनही कमी होतो. जमिनीवर काठी घेऊन चालणाऱ्या त्या बाई पाण्यात आमच्या पुढे चालतात.

तुम्ही विचाराल, जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या शहरात पोहायला पाणी कुठलं? मलाही सुरुवातीला ते खटकलं होतं. तलावातलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. तरी इथल्या उन्हाळ्यात वाफ होऊन उडतं तेवढं भरावं लागतंच. ते कळल्यापासून घरी बादली भरताना मी जास्त जपून वापरते.

आता ताकदीचं सांगते, आणि हे आईसाठीही आहे. गेल्या वर्षी मावशी ओट्याशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चाललीच नाही. आम्ही सगळे म्हणालो, फरशी ओली होती. मावशीला भेटायला गेले तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टशी बोलले. त्या म्हणाल्या, फरशी ओली होतीच, पण पाय घसरल्यावर सावरायला मांड्यांत जोर लागतो, तो आधीच संपलेला होता. पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं आणखी लवकर ठिसूळ होतात. दोन्हींवर जो उपाय नीट लागू पडतो तो म्हणजे वजनाचा, ताकदीचा व्यायाम. मी तेव्हापासून तो करते. डंबेल्स आणले, उठाबशा काढते, भिंतीला हात लावून जोर मारते. नुसतं सिद्धेश्वर तलावाकाठी फिरणं चांगलंच, ते चालू आहेच, पण त्यानं हातापायांत हा जोर येत नाही.

तुम्ही म्हणाल, तू चाळिशीतली, आमचं काय. अण्णा, १९९० साली छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीतल्या माणसांची! आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे नियम सांगितले त्यात पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. वय झालं म्हणून सोडा असं कुठंच म्हटलेलं नाही.

आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात. बाराबंदी घालून ते पेलणारे लोक संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा काठीला हात लावत नाहीत. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रोज सराव चालतो. अंगाला भार हळूहळूच सोसायला शिकवावा लागतो. तुमच्यासाठीही तसंच, एकदम काही नाही.

घरातली लाकडी खुर्ची, जिला हात नाहीत ती, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. दोन्ही हात छातीशी घडी घालून उठायचं, पूर्ण ताठ उभं राहायचं, परत बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा होतं ते मोजा. आईच्या वयाच्या बाईला दहा आणि अण्णांच्या वयाच्या माणसाला अकरा वेळा जमायला हवं. त्याहून कमी झालं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. हाताचा आधार घ्यावा लागला तर तोही घ्या, पण मला सांगा. जवळ कोणीतरी असल्याशिवाय करू नका. अण्णा, बीपीची गोळी चालू आहे म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि जोर लावताना श्वास कोंडू नका. उठताना सोडायचा, पाण्यातल्यासारखा.

आणि जेवणाचं. संध्याकाळी दुधात भाकरी कुस्करून खाता आणि जेवण झालं म्हणता. त्यानं पोट भरतं, पण स्नायूंना लागतात ती प्रथिनं त्यातून पुरेशी मिळत नाहीत. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं दहा ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. आई, तू मला डबे भरभरून शेंगाचटणी पाठवतेस आणि स्वतःच्या ताटात चिमूटभर घेतेस. हुलग्याचं माडगं कर, मटकी भिजत घाल, ताटात वाटीभर दही असू दे. ह्यात बाहेरून विकत आणायचं काहीच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं पत्र लिहायला बसले ती. मी कानडी वाचायला शिकते आहे.

हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण थोडं यायला लागेपर्यंत थांबायचं होतं. आमच्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवतात. वर्णमाला आपल्याच क्रमानं चालते, क ख ग घ, त्यामुळे वाटतं तेवढं अवघड नाही. वेगळं एवढंच की 'ए' आणि 'ओ' दोन-दोन आहेत, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, आणि माझ्या कानाला तो फरक अजून पटकन कळत नाही. आजी माझ्याकडून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. एस. टी. स्टँडवर कर्नाटकच्या गाड्या लागतात ना, त्यांच्या पाट्या मी जन्मभर बघत आले. परवा एका पाटीवरचं 'इंडी' हे गावाचं नाव मी कोणाला न विचारता वाचलं. माझं मलाच भरून आलं.

सिद्धरामेश्वरांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, वचनं मला त्यांच्याच भाषेत वाचायची आहेत. बाराव्या शतकात ह्याच गावात राहून त्यांनी जे कानडीत लिहिलं, प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' म्हणून आपल्या देवाचं नाव गुंफलं, त्यातलं एक अक्षरही आपल्याला वाचता येऊ नये ह्याचं मला वाईट वाटायचं. यात्रेतल्या अक्षता सोहळ्यात लग्नाची संमती वाचतात तीही कानडीतच. आपण 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' म्हणत अक्षता टाकत आलो, मधलं काहीच कळलं नाही.

पण अण्णा, खरं कारण आजी आहे, तुमची आई. ती अक्कलकोटकडची. जात्यावर बसली की ती गाणी कानडीतच म्हणायची. तुम्हाला त्या ओळी अजून पाठ आहेत. गोठ्यात एकटे असलात की गुणगुणता, मी ऐकलं आहे. तुम्हाला कानडी कळतं, वाचता येत नाही. मला थोडं वाचता येतं, अर्थ पुरता कळत नाही. तुम्ही एक ओळ म्हणा, मी ती कानडी अक्षरांत उतरवते, आणि मग तुम्ही मला अर्थ सांगा. त्या ओळी कुठल्याच पुस्तकात नाहीत. तुमच्याजवळच आहेत.

आणि म्हणून तुमचा प्रश्न मला इतका लागला. तो तुम्ही मला विचारलात, पण मला वाटतं रोज स्वतःलाही विचारत असाल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे, तरी तुम्ही वाचनालयात जाणं सोडलंत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेला माणूस दिवसभर ओसरीवर नुसता बसून असतो, हे मला बघवत नाही. आई, तुझी वाकळ अर्धी शिवून पेटीत पडली आहे. "आता कोणासाठी शिवायची," असं तू म्हणालीस. तुझ्यासाठी शीव. तुझे टाके तर मला कधी शिकायलाच मिळाले नाहीत. शाळा, मग कॉलेज, मग नोकरी. मला ते शिकायचे आहेत. तू शिकवायला बसलीस तर तुझेही हात चालतील.

शिकून काय करायचं, हे मला अजून नेमकं सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की पाण्यात उतरायला लागल्यापासून मी सकाळी लवकर उठते ते मनापासून उठते. कचेरीतून दमून आले तरी शेजारच्या आजींकडे जायची ओढ असते. पूर्वी रविवार कधी संपला कळायचं नाही, आता रविवारची वाट बघते. हे सुख तुम्हाला ह्या वयात मिळू नये, असं मला कोणत्याही कारणानं पटत नाही.

येत्या शनिवारी दुपारच्या एस. टी.नं येते आहे, वैरागला उतरून रिक्षा करीन, दादाला गाडी घेऊन पाठवू नका. वही आणि मोठ्या अक्षरांचं कानडी अंकलिपीचं पुस्तक आणते. आई, जुन्या मऊ साड्या काढून ठेव आणि मोठी सुई शोधून ठेव. दोरा मी मंगळवार पेठेतून आणते. अण्णा, खुर्चीवरचे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा, दोघांचे वेगवेगळे.

पोरांचे नमस्कार.

तुमची,
ताई