वीणेची तार आणि संध्याकाळची वीस मिनिटं

प्रिय ताई,

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, भाऊजींना नमस्कार, मुलांना लाडाचा पापा.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून थोडं शांत बसायचं, बुद्धांची एखादी गोष्ट घ्यायची, थोडं संगीत ऐकायचं, तर हे नेमकं कसं करायचं असं तू विचारलंस. तुमची रात्र आणि इकडची दुपार एकदम येते, त्यामुळे फोनवर हे निवांत बोलणं होत नाही. म्हणून सगळं लिहूनच काढते.

सुरुवात सोणाच्या गोष्टीने कर, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सोण कोळिविस हा चंपा नगरीतल्या धनाढ्य घरातला मुलगा. तळवे अतिशय कोवळे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतका चंक्रमण, म्हणजे ध्यान करत येरझाऱ्या, करत राहिला की पाय फुटून वाट रक्ताळली. तरी मन मोकळं होईना. घरी पैसा आहे, परत जावं आणि दानधर्म करत राहावं, असं त्याच्या मनात येऊ लागलं. बुद्धांनी त्याला विचारलं, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. तसंच प्रयत्नाचं आहे, ते म्हणाले. जास्त ताणला की मन अस्वस्थ होतं, सैल सोडला की आळस येतो.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, ती पुढे जाते. बुद्धांनी सोणाला एका पदराच्या तळाचं पादत्राण वापरायची मुभा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळत असेल तर घेईन. मग सगळ्यांना मुभा मिळाली. म्हणजे पाय फुटलेल्या माणसाला त्यांनी नुसता उपदेश केला नाही, चप्पलही दिली. म्हणून आईचे गुडघे दुखत असतील तर तिने सरळ खुर्चीत बसावं, पाय जमिनीला टेकवून. जमिनीवर बसणाऱ्यांनी बुडाखाली घडी घातलेलं घोंगडं किंवा घट्ट उशी घ्यावी. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ आपोआप सरळ राहते. मुंग्या आल्या तर पाय बदलावा, सोसत बसू नये.

तार ताणली गेली हे ओळखायचं कसं? दात एकमेकांवर आवळलेले असतात, कपाळाला आठी असते, श्वास ओढून घेतल्यासारखा चालतो, मुलांनी जरा खुडबुड केली की राग येतो. अशा वेळी श्वासावरचं लक्ष सोडून खोलीतले आवाज येतील तसे ऐकत राहायचे, आणि त्या दिवशी वेळ कमी करायचा. सैल झाल्याची खूण म्हणजे मान पुढे झुकते किंवा गोड गोड दिवास्वप्नं सुरू होतात. तेव्हा डोळे उघडायचे, पाठ उचलायची, नाहीच जमलं तर उभं राहायचं. एकाच बैठकीत दोन्ही होतं. अर्धा वेळ ताण, अर्धा वेळ डुलकी, हे अगदी नेहमीचं आहे. आपलं बिनसलं असं कुणी समजू नये.

आता संगीत. पहिली तीन-चार मिनिटं फक्त तानपुरा ऐका, गाणं नको. शब्द आले की त्यामागे आठवणी येतात, आणि ओळखीची चाल असली की मन पुढची ओळ आधीच म्हणू लागतं. तानपुऱ्यात पुढे काही घडणार नसतं, त्यामुळे ऐकण्याखेरीज दुसरं कामच उरत नाही.

मोबाईलवरचा तानपुरा चालेल. छोट्या स्पीकरवर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार नीट येत नाही, म्हणून वरची पट्टी, काळी चार, लाव. चांगला स्पीकर असेल तर खालची, काळी एक. आवाज इतकाच ठेव की शेजारी बसलेल्याचा श्वास ऐकू येईल. आधी सगळा नाद एकत्र ऐकायचा. मग पंचम (प), दोन जोडाच्या तारा (मधला सा), शेवटी खर्ज, अशी एकेक तार कानाने धरायची. मग फक्त खर्जावर थांबायचं. थोड्या वेळाने त्यातून गंधार (ग) ऐकू येतो. गंधाराची तार तानपुऱ्याला नसते. खर्जाच्या तारेच्या कंपनात मूळ स्वराच्या पाचपट वेगाचं कंपन असतं, तो हा गंधार. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली बसवलेल्या जवारीच्या दोऱ्यामुळे असे वरचे स्वर खुलतात. मुलांना पहिल्या दिवशी तो सापडेलच असं नाही. सापडला की चेहऱ्यावर कळतं. त्यांना आधी गाऊन दाखवू नकोस, त्यांचं त्यांना शोधू दे.

बाबांचा जुना तानपुरा खाली काढणार असाल तर आणखी छान. आधी जोडाच्या दोन तारा एकमेकींशी मिळवा, मग पंचम, शेवटी खर्ज. खुंटीने अंदाजे जवळ आणायचं, बारीक फरक तारांत ओवलेल्या मण्यांनी काढायचा. दोन तारा जवळजवळ मिळाल्या की आवाजात लाटा येतात. त्या लाटा हळू होत होत थांबल्या की सूर लागला. नवी तार काही दिवस उतरत राहते, आणि दमट हवेत लाकूड फुगून सगळंच हलतं. म्हणून एकदा लावला की झालं असं नाही, रोज लावावा लागतो. सोणाची गोष्ट सांगायची झाली तर मुलांच्या हातात खुंटी देऊन सांग. थोडी जास्त पिळली की काय होतं ते त्यांना ऐकू दे. (जुनी तार तुटू शकते, चेहरा लांब ठेवा.)

तानपुरा एकदम बंद करू नकोस. आवाज हळूहळू उतरव, आणि नाद नेमका कधी संपला ते सगळ्यांनी शोधायचं. माझ्या मते अख्ख्या बैठकीत हा अर्धा मिनिट सगळ्यात मोलाचा आहे, कारण तेव्हा कुणालाही लक्ष द्या असं सांगावं लागत नाही.

संगीताची बौद्ध परंपरेत मोकळी वाहवा नाही, हेही तुला माहीत असावं. उपोसथाच्या, म्हणजे उपासाच्या दिवशी पाळायच्या, आठ शीलांत नाच, गाणं, वाजवणं टाळायचं शील आहे. अंगुत्तर निकायात (निकाय म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे संग्रह), धम्म लांबवलेल्या गानस्वरात म्हटला तर होणारे पाच तोटे सांगितलेत. त्यांतला पहिला असा की म्हणणारा स्वतःच्याच आवाजाच्या मोहात पडतो. दुसरीकडे दीघ निकायात पंचशिख गंधर्व इंदसाल गुहेजवळ वीणा वाजवत गातो, आणि बुद्ध त्याला म्हणतात की तुझ्या तारांचा आवाज गाण्याशी जुळतो, गाण्याचा तारांशी, एक दुसऱ्याला झाकत नाही. ते गाणं तर प्रेमगीत होतं! मी यातून एवढंच घेते की संगीत आधी असावं आणि श्वासाकडे वळताना थांबावं. गोष्टीच्या मागे धून लावू नका. ऐकणारा हळवा होतो आणि गोष्ट निसटते.

मग पाच मिनिटं श्वास. बुद्धघोष या आचार्यांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या ध्यानाच्या ग्रंथात मोजणीचा नियम दिलाय, तो अजून चोख चालतो. पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मधला आकडा गाळायचा नाही. पाचापेक्षा कमीत मन कोंडल्यासारखं होतं, दहाच्या पुढे गेलं की ते श्वास सोडून आकड्यांनाच धरतं. मुलांनी पाचापर्यंत मोजावं, मोठ्यांनी दहापर्यंत. श्वास सोडताना एक आकडा, मनात. चुकलं की एकपासून. सव्वीसवर पोचल्याचं अचानक लक्षात आलं तर हसू येतं, येऊ दे. श्वास मुद्दाम लांबवू नका, नाहीतर डोकं हलकं होतं. एखाद्याला श्वासाकडे पाहताना छातीत घाबरल्यासारखं होतं. त्याने डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीला टेकल्याचं जाणवत बसावं, किंवा खोलीत सावकाश चालावं. हे रोजच होत असेल तर बसणं थांबवून डॉक्टरांशी बोलायचं. आणि कुणाची गोळी चालू असेल तर ती ध्यानामुळे बंद करायची नाही, हे घरात सगळ्यांना स्पष्ट सांग.

गोष्टीसाठी सहा-सात मिनिटं पुरतात. वाचून दाखवण्यापेक्षा आपल्या शब्दांत सांगावी, आणि तात्पर्य सांगू नये. शेवटी एकच प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने आपल्या आजच्या दिवसातलं दोन-तीन वाक्यांत सांगायचं, नको असेल तर गप्प बसायचं. दोन नियम मात्र कडक पाळ. समोर बसलेल्या कुणाची तक्रार करायची नाही, आणि कुणी काही सांगितलं की त्याला सल्ला द्यायचा नाही. हे मोडलं की बैठकीची पंचायत होते आणि मुलं दुसऱ्या दिवसापासून टाळायला लागतात. भाऊजींना सल्ला न देणं जड जाईल, पण ते जमवतील.

मुलांसाठी राहुलाची गोष्ट घे. बुद्ध आपल्या मुलाला भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवतात आणि म्हणतात, जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणपण (साधूपण) एवढंसं. मग ते पाणी फेकतात, भांडं पालथं करतात, पुन्हा सरळ करून रिकामं दाखवतात. तांब्या घेऊन हे खरोखर करून दाखव. मग ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच शरीराने, वाणीने, मनाने काही करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होतो का. केल्यावर चूक दिसली तर जाणत्या माणसाजवळ उघड करायची आणि पुढे आवरायचं. चांगलं दिसलं तर त्या आनंदात राहायचं. ही शेवटची पायरी आपण हमखास गाळतो, म्हणून प्रश्न तिच्यावरच ठेव: आज तू काय केलंस ज्याने कुणालाच त्रास झाला नाही? अशोकाने राजस्थानातल्या बैराटजवळच्या लेखात ज्या सात उपदेशांची शिफारस केली, त्यांत राहुलाला खोटं बोलण्याबद्दल केलेला उपदेश आहे. म्हणजे भिक्खूंबरोबर उपासक-उपासिकांनीही तो ऐकावा असं सम्राटाला बावीसशे वर्षांपूर्वी वाटलं होतं.

मोठ्यांसाठी दोन बाणांचा उपदेश. दुःखाचा पहिला बाण अंगाला लागतो, त्यावर रडून-चिडून माणूस दुसरा बाण मनाला लावून घेतो. याला वही हवी. पान मधोमध दुमडायचं. डावीकडे फक्त घडलेलं: ‘निरोप पाठवला, तीन तास उत्तर आलं नाही.’ उजवीकडे मनाने जोडलेलं: ‘माझी कुणाला किंमतच नाही.’ डाव्या बाजूला ‘मुद्दाम’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द आले तर ते वाक्य उजवीकडचं आहे, तिकडे हलवायचं. उजवी बाजू खोडायची नाही, तिच्याशी वादही घालायचा नाही. फक्त कुठलं कुठे आहे ते दिसू दे.

किसा गोतमीची गोष्ट लगेच घेऊ नकोस. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते, आणि जिथे कधी कुणी मेलं नाही अशा घरातून मोहऱ्या आण असं बुद्ध तिला सांगतात. ही घाईने सांगितली की ‘सगळेच मरतात, रडू नको’ एवढंच हाती येतं आणि दुखावलेला माणूस आणखी एकटा पडतो. तिच्यात दारोदार जाणं महत्त्वाचं आहे. प्रत्येक दारात तिला कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाबद्दल सांगतं. सांगताना त्या दारांपाशी थांब.

शेवटची तीन मिनिटं मैत्री, म्हणजे मनातल्या मनात भलं चिंतणं. ‘मी सुखी असो, वैरापासून मुक्त असो, माझं मन शांत असो.’ आधी स्वतःसाठी, मग ज्याच्याबद्दल आदर आहे अशा एकासाठी, मग जिव्हाळ्याच्या माणसासाठी, मग नुसत्या तोंडओळखीच्या माणसासाठी, आणि ज्याच्याशी बिनसलंय तो सर्वांत शेवटी, तोही काही आठवड्यांनी. वैऱ्यापासून सुरुवात केली की रागच वर येतो, आणि अगदी लाडक्या माणसापासून केली की त्याची काळजीच सुरू होते. गेलेल्या माणसावर मैत्री करू नये असंही विसुद्धिमग्ग सांगतो. एका तरुण भिक्खूला आपल्या आचार्यांवर मैत्री करूनही समाधी लागेना. चौकशी केल्यावर कळलं की आचार्य वारले होते. आजीची आठवण आली तर तिथे वेगळं चिंतन आहे: म्हातारपण, आजार, मरण, प्रियजनांपासून ताटातूट, आणि आपलं कर्मच आपलं, या पाच गोष्टी. त्यात रडू आलं तर येऊ दे.

बाबांना रात्री विचारांनी झोप लागत नाही म्हणालीस. मज्झिम निकायात विचार शमवायचे पाच उपाय क्रमाने दिलेत, त्यांतला चौथा त्यांना सांग. भरभर चालणारा माणूस हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो, तसा विचारही एकदम थांबवायचा नसतो, एकेक पायरी संथ करायचा असतो. विचारातलं वाक्य मनात मुद्दाम सावकाश म्हणायचं, पुढच्या वेळी त्याहून सावकाश. दात आवळून विचार दाबणं हा पाचवा उपाय, तो अगदी शेवटचा. बाबा बहुतेक तोच आधी करत असतील.

पहिला आठवडा पंधरा मिनिटांचाच ठेव: तानपुरा, श्वास आणि राहुल. वही दुसऱ्या आठवड्यात आण, मैत्री तिसऱ्यात. मुलांना गंधार ऐकू आला की मला लगेच कळव.

तुझी धाकटी बहीण