तक्रार: वसंत देसाईंची गाणी भलत्यांच्या नावावर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
संगीत ॲप विभाग

विषय: संगीतकार वसंत देसाई यांच्या गाण्यांची चुकीची श्रेयनामावली, आणि वारंवार कळवूनही दुरुस्ती न झाल्याबाबत

महोदय,

मी आपल्या ॲपची वार्षिक वर्गणीदार आहे आणि शाळेत संगीत शिकवते. गाणी फुकटातही ऐकता येतात. मी पैसे भरले ते प्रत्येक गाण्याचे गीतकार, संगीतकार, गायक यांची पूर्ण नावं मिळतील असं आपण जाहिरातीत सांगितलं होतं म्हणून. वसंत देसाईंच्या बाबतीत आपण हा शब्द पाळलेला नाही.

आपल्याकडे 'वसंत' या एकाच पानावर तीन माणसांची गाणी एकत्र आहेत. 'शिकलेली बायको'चे वसंत प्रभू, 'सांगत्ये ऐका'चे वसंत पवार आणि 'झनक झनक पायल बाजे'चे वसंत देसाई हे तीन वेगळे संगीतकार आहेत. तिघांचा बाज इतका निराळा आहे की मराठी गाण्यांशी थोडी जरी ओळख असलेला माणूस हा गोंधळ करणार नाही. 'मोलकरीण'मधलं 'देव जरी मज कधी भेटला' आपण वसंत प्रभूंच्या नावावर दाखवता. गीतकार पी. सावळाराम आणि प्रभू ही जोडी गाजलेली, त्यामुळे शब्द सावळारामांचे म्हणजे चाल प्रभूंचीच, असं कुणीतरी गृहीत धरलेलं दिसतं. ती चाल देसाईंची आहे.

याहून गंभीर चूक 'पारंपरिक' या शिक्क्याची आहे. 'दो आँखें बारह हाथ' 1957 साली आला. त्यातली 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना भरत व्यासांनी लिहिली आणि देसाईंनी बांधली. आपण ती 'पारंपरिक प्रार्थना' म्हणून दाखवता. 'अमर भूपाळी'तल्या 'घनश्याम सुंदरा श्रीधरा'चे शब्द होनाजी बाळांचे आहेत, पण चित्रपटातली चाल देसाईंची, आणि तिथेही नाव नाही. 'गुड्डी'तल्या 'हमको मन की शक्ति देना'खाली फक्त गायिका दिसते.

मी मुलांना शाळेत रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांवर प्रकल्प दिला होता. बहुतेकांनी आपल्याच ॲपवरून माहिती घेतली आणि संगीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहून आणलं. रोज ज्यांची चाल ही मुलं गातात, तो माणूस कधी होऊन गेला हेच त्यांना कळणार नसेल, तर माझी तक्रार क्षुल्लक आहे असं आपण म्हणू शकत नाही.

देसाई कुडाळजवळच्या सोनवड्याचे, जन्म 1912चा. कोल्हापूरला 'प्रभात' या चित्रपट कंपनीत पोरवयात शिरले आणि पडेल ते काम करत, गात, वाजवत शिकले. दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापू यांनी 'राजकमल' ही स्वतःची चित्रपटसंस्था काढल्यावर 'शकुंतला', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें' अशी कामं त्यांच्याकडून झाली. 'श्यामची आई'तलं 'भरजरी गं पितांबर' त्यांचंच. 1959 साली बापूंचा 'नवरंग' सी. रामचंद्रांकडे गेला, त्याच वर्षी देसाईंनी 'गूँज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई हिंदी पडद्यावर आणली. रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'देव दीनाघरी धावला' या नाटकांचं संगीत त्यांचं. कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचं 'ऋणानुबंधाच्या' ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा माणूस केवढा होता हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वाणी जयराम यांना 'गुड्डी'त मियाँ मल्हार रागातलं 'बोले रे पपीहरा' देऊन हिंदी श्रोत्यांपुढे त्यांनीच आणलं.

ऑक्टोबर 1966मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा त्यांनी 'मैत्रीं भजत' म्हटलं. शब्द कांचीच्या शंकराचार्यांचे, चाल वसंत देसाईंची. कोकणातल्या एका माणसाची चाल जगाच्या त्या सभागृहात घुमली, आणि आपल्या ॲपवर त्या ध्वनिमुद्रणाखाली संगीतकाराची जागा कोरी आहे. मला याचा खरोखर राग आला आहे.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. स्वतःचं नाव दुरुस्त करा म्हणायला ते येऊ शकत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी मी ॲपमधून कळवलं, मग ईमेल केला. दर वेळी ठरावीक उत्तर आलं: माहिती संगीत कंपन्यांकडून येते, आम्ही बदलू शकत नाही. हे मला मान्य नाही. वर्गणी आपण घेता, पान आपलं आहे, तीन वसंतांना एकत्र आपल्या यंत्रणेने केलं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकृतीचा कर्ता संगीतकारच असतो, आणि कलम 57 त्याला ती कृती आपली असल्याचं सांगण्याचा हक्क देतं. कृतीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे देसाईंच्या चालींवर तो 2035 अखेरपर्यंत आहे. त्या 'पारंपरिक' कशा ठरतील?

तिन्ही वसंतांची पानं वेगळी करावीत, वर नमूद केलेल्या प्रत्येक गाण्याखाली वसंत देसाई हे पूर्ण नाव द्यावं आणि संगीतकाराच्या नावाने शोधल्यावर त्यांची सगळी गाणी एका जागी सापडावीत, अशी माझी मागणी आहे. चुका ओळखायला माणूस लागत असेल तर मी गाण्यांची तपासलेली यादी विनामोबदला देईन. महिनाभरात दुरुस्ती झाली नाही तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. तेही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) आणि नंतर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

सोबत चुकीच्या पानांची छायाचित्रं आणि वर्गणीची पावती जोडली आहे. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं.

आपली,
एक वर्गणीदार संगीत शिक्षिका