गोळ्यांची पिशवी सोबत आणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, 'सिस्टर, न्यूमोनिया म्हणून आणलं ना, मग हे हार्टचं कुठून निघालं, काय इंजेक्शन दिलंत?' राग समजतो हो. मॉनिटर अचानक बोंबलायला लागतो, ठोके ८० वरून १५० वर, तेही वेडेवाकडे, घरच्यांचं धाबं दणाणणारच.

पण दरवेळी हार्ट अ‍ॅटॅकच असतो असं नाही. रक्तात इन्फेक्शन पसरलं, ऑक्सिजन कमी पडला, अंगात पाणी साठलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते हेच. उतारवय, जुनं बीपी असलं की धोका वाढतो. आणि खरं सांगायचं तर आमच्या औषधांचाही हात असतो, बीपी टिकवायला लावलेलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ठोकेही पळवू शकतं, पण ते काढलं तर बीपीच कोसळतं, मग करायचं काय.

माझं म्हणणं वेगळंच आहे. घरी काय काय चालू असतं ते घरचे सांगत नाहीत! रक्तातलं पोटॅशियम उतरलं की ठोके बिघडतात. एका आजींचं २.६ आलं, नॉर्मल साधारण ३.५ ते ५, आम्ही सलाईनमधून देतोय तरी हलेना. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी पिशवी आणली तर त्यात सुजेसाठीची लघवीची गोळी आणि वर रोज दोन वेळा ज्येष्ठमधाचा काढा. दोन्हींनी पोटॅशियम उतरतं. गोळीने मॅग्नेशियमही जातं, आणि ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम नीट वर येत नाही. काढा म्हणजे औषध थोडंच, असं वाटलं म्हणे त्यांना.

तसंच मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी घरी चालू असते, कुणी बोलत नाही, ती एकदम बंद पडते आणि ठोके उसळतात. थायरॉईडचा त्रासही असाच सांगायचा राहतो. दारूचं तर विचारूच नका, 'छे, कधीतरी लग्नाकार्यात' आणि रोजची दारू एकदम तुटल्यामुळे दोन दिवसांनी पेशंटचे हात थरथरायला लागतात, घाम, बडबड, ठोके १४०.

तेव्हा अ‍ॅडमिट करताना सगळ्या गोळ्या, रिकाम्या स्ट्रिपासुद्धा, काढ्याची पुडी, सगळं पिशवीत टाकून आणा. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर ठोक्यांबद्दल काही लिहिलं असेल तर फॉलोअपला ईसीजी काढायला सांगा, कारण हे परत होऊ शकतं आणि त्यातून गुठळी होऊन लकवा मारू शकतो. आणि दारूचं चारचौघांत बोलायला लाज वाटली तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, आम्ही सासऱ्यांना सांगत नाही.

आपली,
एक स्टाफ नर्स, नाशिक