नदीकाठच्या दुसऱ्या कापूसगावाहून

जॅक्सन, मिसिसिपी

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना आता नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलला आपण सगळे एकदमच बोलतो, म्हणून या वेळी कागदावर लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवलंस तरी चालेल. पण बाबा, मधला पंख्याचा भाग तेवढा तुम्ही स्वतः वाचा.

मागच्या खेपेला तुम्ही चार महिने इथे होतात आणि मी तुम्हांला दुकानं आणि देऊळ यापलीकडे काही दाखवलं नाही. माझी नोकरी, लेकीची शाळा, शनिवार-रविवारी साचलेली कामं. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायचे, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. ऑक्टोबरचं तिकीट काढू आणि आल्यावर आठवडाभरात नॅचेझला जाऊ. मी मागच्या महिन्यात दोन दिवस तिथे राहून आले. जागा बघितल्या, पायऱ्या मोजल्या, बसायला बाकं कुठे आहेत ते टिपून ठेवलं. तेच सगळं सांगते.

नॅचेझ आमच्या घरापासून गाडीनं दोन तासांवर, मिसिसिपी नदीच्या काठी आहे. मी हमरस्त्यानं गेले नाही, नॅचेझ ट्रेस नावाच्या जुन्या वाटेनं गेले. ही वाट टेनेसीतल्या नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैल, म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर जाते. तिच्यावर ट्रक नाहीत, जाहिरातींच्या पाट्या नाहीत, दोन्ही बाजूंना नुसतं रान. आगबोटी येण्याआधी वरच्या मुलखातले लोक लाकडी तराफ्यांवर धान्य, डुकराचं मांस, दारू लादून प्रवाहाबरोबर खाली यायचे. प्रवाहाच्या उलट्या दिशेनं तराफा नेता येत नाही, म्हणून माल विकला की तराफ्याचं लाकूडही इथेच विकून टाकायचे आणि याच वाटेनं पायी घरी परतायचे. काही ठिकाणी मूळ वाट पायांनी आणि घोड्यांच्या टापांनी झिजून झिजून दोन पुरुष खोल गेलीय. दोन्ही कडांना झाडांची मुळं उघडी पडलीत. तिथे गाडीपासून चार पावलं चाललं तरी पोचता येतं. आईच्या गुडघ्यांना झेपेल.

शहर यायच्या थोडं आधी एमराल्ड माउंड लागतं. माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेला, आठ एकरांवर पसरलेला सपाट माथ्याचा ढिगारा. आठ एकर म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे वावर उभं राहील. तेवढी माती डोक्यावरून वाहिलेली! नॅचेझ नावाच्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी तो बांधला. शहरात त्यांचं मुख्य गाव होतं तिथेही असे तीन उंचवटे आहेत. त्यांच्या राजाला ‘महान सूर्य’ म्हणत. फ्रेंचांनी १७१६ साली इथे किल्ला बांधला, जमिनीवरून वाद वाढला, १७२९ मध्ये या लोकांनी किल्ला मारला आणि पुढच्या दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांना देशोधडीला लावलं. कित्येकांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर विकलं. शहराला नाव त्यांचं, आणि ते मात्र इथे नाहीत.

लोक इथे येतात ते मुख्यतः जुने वाडे बघायला. वसंतात आणि शरदात मालक आपापली घरं पाहुण्यांसाठी उघडतात. ही प्रथा १९३२ पासूनची आहे. पांढरे उंच खांब, रुंद ओसऱ्या, ओकच्या फांद्यांवरून वडाच्या पारंब्यांसारखं लोंबणारं राखाडी शेवाळ. देखणं आहे सगळं, त्यात शंका नाही. पण मी तुम्हांला आधी तिथे नेणार नाही. आधी गावाबाहेरच्या एका तिठ्यावर नेणार आहे.

त्या जागेला फोर्क्स ऑफ द रोड म्हणतात. आज तिथे थोडं गवत, माहितीचे फलक आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या एवढंच आहे. १८३३ पासून १८६३ पर्यंत इथे माणसांचा बाजार भरायचा. न्यू ऑर्लिन्सनंतर या भागातला सगळ्यांत मोठा. व्हर्जिनियाकडून माणसांना साखळ्यांत बांधून शेकडो मैल चालवत आणायचे. इथे लिलाव नसायचा. गिऱ्हाईक दुकानात कापड बघावं तसं रांगेतून फिरायचं, दात बघायचं, हात बघायचं, आणि भाव ठरवायचं. जमिनीत सिमेंट ओतून त्यात गंजलेल्या बेड्या बसवल्यात. मी खाली बसून एका कडीला हात लावला. उन्हानं तापली होती. लेक म्हणाली, “आई, ही लहान का आहे?” मला उत्तर देता आलं नाही.

१८६३ च्या जुलैत इथल्या यादवी युद्धातल्या उत्तरेच्या फौजा शहरात आल्या आणि हा बाजार मोडला. त्याच्या कोठड्यांची लाकडं उपसून काढणाऱ्यांत काळे शिपाईही होते. ही जागा राष्ट्रीय उद्यानात सामील व्हायला मात्र २०२१ उजाडलं. हे आधी बघितलं की मग वाड्यांचे खांब वेगळे दिसतात.

बाबा, आता पंखा.

मेलरोज नावाचा एक वाडा आहे, मॅकमरन नावाच्या वकिलानं १८४० च्या दशकात बांधलेला. आता सरकारच्या ताब्यात आहे, मागच्या गुलामांच्या खोल्याही दाखवतात. जेवणाच्या दालनात लांबलचक टेबल आहे आणि त्याच्यावर छताला टांगलेली महोगनीची नक्षीदार फळी. बैलगाडीच्या साटीएवढी. तिला दोरी, ती कोपऱ्यापर्यंत गेलेली. दाखवणाऱ्या बाईंनी विचारलं, याला काय म्हणतात कुणाला माहीत आहे का? आणि स्वतःच म्हणाल्या, “पंका.”

मी म्हटलं, हा आमचा शब्द आहे. त्यांनी मला पुढे बोलावून म्हणायला लावला. सगळ्यांसमोर म्हणाले, “पंखा.” आणि मग त्यांनी सांगितलं की ती दोरी कोपऱ्यात उभं राहून एक गुलाम मूल ओढायचं. वारा हवा, पण मेणबत्त्या विझायला नकोत, इतक्या बेतानं. जेवण संपेपर्यंत. मोठ्यांचं बोलणं कानावर पडायचं आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही.

तेव्हा मला तुमचे आजोबा आठवले. मी सातवीत असताना दिवे गेले होते, आपण ओसरीत बसलो होतो, आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती आणि तुम्ही सहज म्हणालात की आपले आजोबा वर्ध्याला साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचे. एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, दिवे आले आणि आपण जेवायला उठलो. ते पगारी होते, संध्याकाळी घरी येत होते, आणि हे मूल विकत घेतलेलं होतं. दोन्ही एक नाही हे मला कळतं. तरी ती दोरी बघून माझे हात गार पडले. ती ज्या जागी धरायची तिथे गुळगुळीत झालेली असेल असं वाटून मी वाकून बघितलं, पण दोरी नंतर नवी लावलेली होती.

आता आपल्या गावाशी याचं काय नातं ते सांगते, कारण बाबांना ते कळलं पाहिजे. हे सगळं शहर कापसावर उभं आहे. नदीपलीकडे लुइझियानाची सखल काळी जमीन, तिथे कापूस, आणि मालक इथे उंचावर हवेशीर वाड्यांत. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४० मध्ये अमेरिकेच्या याच दक्षिण भागातून कापूस पिकवणारे दहा जण नोकरीवर ठेवून हिंदुस्थानात नेले होते, आपल्या लोकांना शिकवायला. बहुतेक ठिकाणी त्यांना जमलं नाही, आपली माती आणि आपला पाऊस त्यांना कळला नाही. धारवाडकडे तेवढं अमेरिकन बी रुजलं. मग १८६१ ला इथे यादवी सुरू झाली, मिसिसिपीतून विलायतेला जाणाऱ्या गाठी थांबल्या आणि मँचेस्टरचे गिरणीवाले मुंबईकडे धावले. मुंबईत सट्ट्याची ती प्रसिद्ध तेजी आली, १८६५ ला लढाई संपताच कोसळलीही. पण आगगाडी नागपूरपर्यंत पोचली १८६७ मध्ये, आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात भावासकट छापून येऊ लागलं. आपलं गाव वणा नदीच्या काठी, हे मिसिसिपीच्या काठी. त्यांचा कापूस अडला तेव्हा आपला निघाला.

ते अडणं इथे डोळ्यांनी दिसतं. लाँगवुड नावाचा आठ कोनांचा वाडा आहे, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. हॅलर नट नावाच्या जमीनदारानं १८६० ला काम काढलं, फिलाडेल्फियाहून कारागीर आणले. वर्षभरात लढाई पेटली आणि कारागीर हत्यारं टाकून घरी गेले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातल्या नऊच पुऱ्या झाल्या, त्यांत तो कुटुंबासह राहिला आणि १८६४ मध्ये वारला. वरच्या मजल्यावर गेलं की उघड्या विटा, लाकडी सांगाडा, रंगाचे डबे, खोकी, सगळं जिथल्या तिथे. वर पाहिलं की घुमटापर्यंत पोकळी. बाबा, तुम्हांला तो सांगाडा आवडेल. तुम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये तीस वर्षं फिटर होतात, सांधा कसा बसवलाय ते तुम्ही मला सांगाल.

आईसाठी एक छोटं घर आहे, स्टेट स्ट्रीटवर. विल्यम जॉन्सन नावाच्या न्हाव्याचं. तो गुलाम म्हणून जन्मला, अकराव्या वर्षी कायद्यानं मोकळा झाला, तीन दुकानं चालवली आणि १८३५ पासून मरेपर्यंत, सोळा वर्षं रोज वही लिहिली. उसनवारी, पावसाचं मान, गावातली भांडणं, कोण मेलं, काय भाव होता. आई, तुझ्या दुधाच्या हिशोबाच्या वह्यांसारखंच, कडेला एक ओळ मनातली. मन दुखावणारी गोष्ट ही की मोकळा झाल्यावर त्यानंही गुलाम बाळगले. आणि तो मेला कशानं? धुऱ्याच्या भांडणात. शेजाऱ्याशी जमिनीच्या हद्दीवरून वाद, कोर्टात निकाल जॉन्सनच्या बाजूनं, आणि १८५१ मध्ये त्याला गोळी घातली. साक्षीदार काळे होते. ज्याच्यावर आरोप होता त्यानं आपण गोरे असल्याचं सांगितलं, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष तेव्हा चालत नव्हती. तो सुटला. आपल्याकडच्या धुऱ्यावरच्या केसेस बाबांनी जन्मभर पाहिल्यात, पण साक्षच चालत नाही म्हणजे काय, हे तिथे त्याच्या ओट्यावर बसून मला कळलं.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ नदीच्या कड्यावर काढायची. कडा उंच आहे, पाण्यापासून साठेक मीटर, पण वर सपाट बाग आहे, रुंद रस्ता आहे, बाकं आहेत. खाली मातकट पाणी, एकमेकांना बांधलेल्या सपाट बोटींची लांब माळ आणि तिला मागून ढकलणारी एक बुटकी बोट. सूर्य पलीकडे लुइझियानात मावळतो. खाली उतरायचा रस्ता आहे, जुन्या काळी तिथे धक्का, दारूची दुकानं, जुगार होता. तिथे गाडीनंच जाऊ.

सकाळी नाश्त्याला ग्रिट्स मिळतात. पांढऱ्या मक्याच्या शिजवलेल्या कण्या, लोणी घातलेल्या. आई, पहिला घास घेतला आणि तुझ्या ज्वारीच्या कण्या आठवल्या, ताकातल्या. मीठ आणि थोडी मिरपूड टाकली की तुला चालतील. मांसाशिवाय काय मिळतं ते मी विचारून ठेवलंय.

ऑक्टोबर मुद्दाम म्हणतेय, कारण तेव्हा पूल ओलांडला की पलीकडे कापूस फुटलेला असतो. इथे वेचणारीण नाही, यंत्र सहा-सहा ओळी एकदम खात जातं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली माणसापेक्षा उंच गोल गाठ मागे टाकतं. फेरिडे गावाजवळ फ्रॉगमोर नावाचा जुना मळा आहे, तिथे वाफेवर चालणारं जुनं जिन ठेवलंय. ते करवतीच्या दातांचं, आपल्याकडे रोलरचं. धागा कुठे तुटतो, सरकी कशी सुटते, हे तुम्ही नातीला समजावून सांगा. तिला मी सांगितलंय की आजोबा बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी सांगतात. तिला ते खरं वाटत नाही. मीही लहानपणी बघितलंय, तिनंही बघावं.

चाकाची खुर्ची मेलरोजला मिळते का ते मी फोन करून पक्कं करते. लाँगवुडचा जिना तेवढा चढावा लागेल, नाहीच जमलं तर तळघरातल्या खोल्या बघू.

आणि बाबा, एक काम. मी एक वही केलीय. त्यात पहिल्या पानावर तुमच्या आजोबांबद्दल लिहायचंय आणि मला त्यांचं नावच माहीत नाही. कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. नाव काय होतं? बंगला वर्ध्यात नेमका कुठे? महिना किती मिळायचा? ते दोरी हातानं ओढायचे की पायाच्या अंगठ्याला बांधायचे? रात्री साहेब झोपल्यावरही ओढावी लागायची का? आठवेल तसं, आठवेल तेवढं आईला सांगा. ती लिहील आणि फोटो काढून पाठवील.

तुमची,
मिनू