गाठ दिसली म्हणजे हर्निया उलटला असे नव्हे

जांघेतल्या हर्नियावर ऑपरेशन करून आधाराची जाळी बसवल्यावर आठवड्याभरात तिथे पुन्हा गाठ दिसली, की ‘ऑपरेशन फसले’ म्हणून रुग्ण घाबरतो. बहुतेकदा ते जाळीभोवती साचलेले पाणी असते. खोकल्यावर गाठ वाढत नसेल, आडवे झाल्यावरही तशीच राहत असेल, तर शक्यता तीच. काही आठवड्यांत ते आपोआप जिरते. उगाच सुई घालून काढू गेल्यास जंतू थेट जाळीपर्यंत जाऊ शकतात. अंडकोश काळानिळा पडणे, टाक्यांखाली बधिरपणा हेही नेहमीचेच. मात्र ताप, पू, लघवी तुंबणे किंवा उलट्यांसह पोट फुगणे दिसल्यास लगेच सर्जनला गाठावे. आणि महिनाभर अंथरूण धरण्याचा सल्ला (तो घरोघरी फुकट मिळतो!) निराधार आहे. ऑपरेशनच्याच संध्याकाळी चालावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथताना ताण टाक्यांवरच येतो.

– एक सर्जन